गळा देण्याचा दिवस

फार फार वर्षांमागे, जेव्हा आरसे इतके दुर्मिळ होते की आपला चेहरा कसा दिसतो हे माणसाला न्हाव्याच्या तोंडून कळायचं, तेव्हा नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा न्हावी राहत होता. साऱ्या राज्यात आरसे दोनच. एक राजाकडे आणि दुसरा या न्हाव्याकडे. न्हाव्याचा आरसा तळहाताएवढा होता, शिवाय कोपऱ्यात तडकलेला. तरी लोक लांबून यायचे. आरशासाठी थोडे, आणि त्याच्या हातासाठी जास्त.

वेशीजवळ, न्हाव्याच्या घराला लागूनच, कवठाचं एक झाड होतं. त्याच्या सावलीत न्हावी बसायचा. समोर गिऱ्हाइकासाठी लाकडी पाट, बाजूला वस्तरे ठेवायची चामड्याची धोकटी, खांद्यावर फडकं. आणि त्याच्या डाव्या हाताला, दोन पावलं मागे, त्याची मुलगी बसायची. तिच्या मांडीत काशाची वाटी असायची.

ती फेस करायची.

फेस करण्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण त्याला आदल्या दिवशीपासून तयारी लागते. रिठे फोडून भिजत घालायचे. सकाळी ते पाणी गाळायचं. त्यात कोरफडीचा गर घालायचा, आणि जवस उकळून निघालेलं बुळबुळीत पाणी. किती, ते फक्त तिच्या बोटांना माहीत होतं. मग घोड्याच्या केसांचा कुंचला कोमट पाण्यात भिजवून झटकायचा आणि वाटीत गोल गोल फिरवत राहायचं. आधी मोठे बुडबुडे येतात. अडाणी माणूस तिथंच थांबतो. ती थांबायची नाही. बुडबुडे मोडून मोडून बारीक व्हायचे, कुंचल्याचा आवाज जड व्हायचा, आणि शेवटी वाटी उलटी धरली तरी फेस खाली पडायचा नाही. असा फेस लावला की राठातली राठ दाढीही मऊ व्हायची आणि वस्तरा न अडखळता सरकायचा.

सात वर्षांची असल्यापासून ती हे करत होती. आता ती विशीची झाली होती. एवढ्या वर्षांत तिच्या फेसाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. लोक पाटावरून उठायचे, गालावरून हात फिरवायचे आणि न्हाव्याला म्हणायचे, "वा, काय हात आहे." फेस तोवर फडक्यावर पुसून गेलेला असायचा.

तिला याचं काही वाटत नव्हतं. निदान तो येईपर्यंत तरी.

झालं असं, की एका वर्षी न्हाव्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी जेवताना, मग पाणी पिताना. वस्तरा हातात आला की हात स्थिर व्हायचा, पण दर महिन्याला थोडा आणखी उशिरा. म्हातारा शहाणा होता. गिऱ्हाइकांना कळायच्या आधी त्यानं स्वतःला कळू दिलं. पैलतीरावरच्या गावातून त्यानं एक शिष्य आणला. सडपातळ, कमी बोलणारा, मुलीहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. आल्या आल्या त्यानं वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मुलीकडे वळून म्हणाला, "ताई, मला यातलं काही येत नाही. चुकलो तर सांगत जा."

"मला कोण विचारतंय," मुलगी म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं, ही थट्टा करते आहे.

शिकवणी कोहळ्यावर सुरू झाली. त्या गावची ती रीतच होती. कोवळ्या कोहळ्यावर बारीक लव असते, नुकतं मिसरूड फुटलेल्या पोराच्या ओठावर असते तशी. तिच्यावर फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं ती काढायची. लव सगळी निघाली पाहिजे आणि साल दुखावता कामा नये. साल दुखावली तर ते लगेच दिसत नाही. घटकाभरानं तिथं पाण्याचा टपोरा थेंब उभा राहतो. न्हावी म्हणायचा, "कोहळा रडला." ओळीनं पन्नास कोहळे रडले नाहीत, की मग शिष्यानं माणसाला हात लावायचा.

"वस्तरा पार आडवा नको आणि उभाही नको," न्हावी सांगायचा. "त्याची पाठ सालीला टेकते न टेकते इतपत कलू दे. डाव्या हातानं साल ताणून धर. आणि दाबू नकोस. दाबायचं ते लाटणं, हा वस्तरा आहे. वजन त्याचं त्याला आहे. आपण फक्त वाट दाखवायची."

एवढं बोलून तो शिष्याचं मनगट आपल्या थरथरत्या हातात धरायचा आणि हळूहळू वळवायचा. दोन्ही हात मिळून कोहळ्यावरून खाली यायचे.

मुलगी वाटीत कुंचला फिरवत ते मनगट बघायची. आबांनी तिचं मनगट असं कधी धरलं नव्हतं. लहानपणी जत्रेत धरलं असेल, हरवू नये म्हणून. पण शिकवण्यासाठी नाही. फेस कसा करायचा, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. एक दिवस आबांनी वाटी पुढं सरकवली होती आणि म्हणाले होते, "हे ढवळ जरा." तेवढंच.

त्या दिवसापासून तिच्या छातीत एक काटा रुतला. दिसायला बारीक, पण प्रत्येक श्वासाला टोचणारा.

शिष्याचा कोहळा झाला, की ती घटकाभरानं काही ना काही निमित्त काढून तिकडं जायची. थेंब आला आहे का ते बघायची. पहिले पंधरा-वीस कोहळे चांगले ढसाढसा रडले, आणि त्या दिवसांत तिला जेवण गोड लागलं. मग रडणं कमी झालं. मग एक कोहळा सगळ्या बाजूंनी कोरडाच राहिला. तिनं तो उचलून फिरवून फिरवून पाहिला. शिष्य मागून म्हणाला, "ताई, कुठं चुकलंय का?"

ती इतकी दचकली की कोहळा हातातून सुटला आणि फुटला.

"चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "आता फुटला."

तो म्हणाला, "असू दे. भाजी करू."

त्याच्या या चांगुलपणाचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा. तो उर्मट असता तर किती बरं झालं असतं. मग तिनं त्याच्यासाठी फेस सैल करायला सुरुवात केली. आबांच्या गिऱ्हाइकाला साईसारखा, आणि कोहळ्याला नुसते बुडबुडे. वस्तरा अडखळायचा. शिष्याला वाटायचं आपलंच मनगट आखडतंय, म्हणून तो आणखी सैल हातानं प्रयत्न करायचा. आणि अशानं त्याचा हात आणखीच हलका होत गेला. तिनं खणलेल्या प्रत्येक खड्ड्यातून तो एकेक पायरी वर चढत होता.

एका संध्याकाळी जेवताना आबा म्हणाले, "पोरगा चांगला निघाला. हलका हात आहे."

दोनच शब्द. हलका हात. मुलीनं भाकरीचा तुकडा मोडला तो ताटाबाहेर जाऊन पडला.

गावात एक तेली होता. त्याची दाढी म्हणजे बाभळीचं रान. तो रोज झाडाखाली बसून गप्पा मारायचा आणि सगळ्यांची खेचायचा. शिष्याचा पंचेचाळिसावा कोरडा कोहळा पाहून तो म्हणाला, "वस्ताद, हा पोरगा भाज्यांची दाढी करतो, माणसांची कधी करणार? पहिला बकरा मीच ना?"

"बघू," न्हावी म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"बघू काय? मी बायकोला सांगून ठेवलंय. परत आलो तर जेवतो म्हटलं."

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिच्या डोक्यात त्या क्षणी एक विचार आला आणि घर करून बसला. पहिली दाढी तेल्याची. तेल्याच्या दाढीवर बोथट वस्तरा फिरला तर एकेक केस ओढला जाईल. तेली बोंब ठोकेल. गाव हसेल. इतकं हसेल की हा हलक्या हाताचा पोरगा गाठोडं बांधून पैलतीरी जाईल. कुणाला इजा नाही, काही नाही. नुसतं हसू.

असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजावतो तेव्हा समोरच्याला फार लवकर पटतं.

पन्नास कोहळे झाले. दिवस ठरला. त्या सकाळी उन्हं कोवळी असतानाच शिष्यानं वस्तरा दगडावर घासला, मग चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस वेळा खालीवर केला. न्हाव्याची सक्त ताकीद होती, की पट्ट्यावरून उतरलेल्या धारेला बोट लावायचं नाही, ती कापडात गुंडाळायची आणि थेट गालाशीच उघडायची. त्याप्रमाणे त्यानं वस्तरा कापडात गुंडाळून धोकटीत ठेवला आणि तो नदीवर आंघोळीला गेला. आबा देवाला फुलं आणायला गेले होते.

मुलीनं धोकटी उघडली.

तो वस्तरा आबांच्या आजोबांचा होता. घासून घासून पातं करंगळीएवढं अरुंद झालेलं. तिनं तो प्रथमच हातात घेतला होता. मूठ तिच्या हातात अशी बसली, की जणू तिच्याच मापानं केली होती. क्षणभर तिला वाटलं, परत ठेवावा. पण लगेच ते मनगट आठवलं. वाटणाच्या पाट्यावरून तिनं पातं हलकेच ओढलं. एकदा. आणि दुसऱ्यांदा ओढत असताना बाहेर झाडावरून एक कवठ धपकन खाली पडलं.

ती दचकली. हात दाबला गेला. दगडावर कर्र असा आवाज झाला.

तिनं पातं उजेडात धरलं. टोकाशी, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही असा, एक दाता, म्हणजे केसभर खाच, पडला होता. तिनं वस्तरा घाईघाईनं गुंडाळून ठेवला आणि ती रिठ्याचं पाणी गाळायला बसली. बराच वेळ ती एकच पाणी पुन्हा पुन्हा गाळत होती.

झाडाखाली गर्दी जमली. तेली पुढं सरसावून पाटावर बसायला लागला, तसा न्हाव्यानं त्याचा दंड धरला.

"तू ऊठ."

"का? माझा मान आहे."

"तुझा नाही. या धंद्यात एक जुनी चाल आहे," न्हावी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शिष्याच्या हातचा पहिला गळा वस्तादाचा. ज्याला आपण घडवला, त्याच्यापुढं आपला गळा देता आला नाही, तर त्याला दुसऱ्यांचे गळे कुठल्या तोंडानं द्यायचे? माझ्या गुरूनं मला दिला होता. आज मी याला देतो. आणि गुरूच्या गळ्यातून ज्यानं रक्त काढलं, त्यानं या गावात पुन्हा वस्तरा धरायचा नाही. तीही चालच आहे."

एवढं बोलून म्हातारा पाटावर बसला. त्यानं सदऱ्याची बटणं काढली आणि मान मागे टाकली.

मुलीच्या हातातली वाटी दगडासारखी जड झाली. तिला ही चाल ठाऊक नव्हती. तिच्या जन्मानंतर आबांनी कुणाला शिष्य केलंच नव्हतं, मग ठाऊक असणार कुठून? सांग, तिचं मन म्हणालं. आत्ता सांग. एक वाक्य आहे. धार गेली आहे, एवढंच.

तिनं मान वर केली. समोर अर्धं गाव उभं होतं. मग तिला वाटलं, फेसच इतका दाट करू की वस्तरा आपोआप सरकेल. ती कुंचला फिरवायला लागली. फिरवत राहिली. बुडबुडे मोडले, फेस साय झाला, लोणी झाला, तरी ती थांबेना.

"ताई, झालाय की," शिष्य हळूच म्हणाला.

"होऊ दे," न्हावी मान मागे टाकलेलीच ठेवून म्हणाला. "तिला घाई करू नकोस. लोक माझ्या हाताला नावाजतात, पण निम्मा हात तिचा आहे. असा फेस करणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही."

तेरा वर्षं ती ज्या वाक्यासाठी थांबली होती, ते वाक्य हेच होतं. सगळ्या गावासमोर, स्पष्ट, तिच्या नावावर. लोक वळून तिच्याकडे बघायला लागले. तेलीसुद्धा मान डोलावत होता. आता बोलली, तर हे वाक्य अंगावरून उतरवून परत द्यावं लागणार होतं.

ती बोलली नाही. तिनं आबांच्या गालांना, हनुवटीला, गळ्याला फेस लावला आणि मागे सरली.

शिष्यानं कापड उलगडलं. डावा गाल ताणून धरला आणि पहिला हात मारला. मुलीनं तेरा वर्षं धारेचा आवाज ऐकला होता. चांगली धार कोरं कापड सरकल्यासारखी बोलते. ही धार खरखरली. शिष्याच्या कपाळाला आठी पडली. त्याला वाटलं, आपण घाबरलोय. त्यानं मनगट आणखी सैल केलं. तिच्या फेसाच्या जोरावर डावा गाल निघाला. उजवा गालही निघाला. झालं, मुलगी मनात म्हणाली, झालंच आता.

गळ्याशी वस्तऱ्याचं टोक वापरावं लागतं. कंठाच्या उंचवट्याखाली टोक गेलं, दाता केसांत अडकला, नेमका त्याच वेळी म्हाताऱ्यानं आवंढा गिळला.

पांढऱ्या फेसात एक लाल रेघ उमटली आणि रुंद होत गेली.

गर्दीतून कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. न्हाव्यानं स्वतःच फडकं गळ्याला दाबलं. तेल्यानं तुरटीचा खडा पुढं केला. जखम जिवावरची नव्हती, पण बोटभर लांब होती, आणि रक्त सदऱ्यावर आलं होतं.

"माझा हात हलला नव्हता, वस्ताद," शिष्य म्हणाला.

न्हाव्यानं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, पण चाल ती चाल. "वस्तरा ठेव," तो म्हणाला.

शिष्यानं वस्तरा कापडात गुंडाळून ठेवला. वस्तादांच्या पायांना हात लावला. जाताना तो मुलीजवळ थांबला आणि म्हणाला, "फेस छान झाला होता, ताई. माझंच चुकलं." आणि नदीच्या वाटेला लागला.

मुलीला जे हवं होतं ते झालं होतं. काटा निघायला हवा होता. पण काटा निघाला नाही. तो आता छातीच्या जागी गळ्यात आला.

घरी आणून तिनं आबांना ओटीवर निजवलं. जखमेवर हळद भरली. म्हातारा आढ्याकडे बघत म्हणाला, "चला, संपलं. तो गेला. माझा हात हा असा. उद्यापासून झाडाखाली बसायचं नाही."

"मी होते ना, आबा." तिच्या तोंडून निघून गेलं. "मला का नाही शिकवलंत?"

न्हाव्यानं मान वळवायचा प्रयत्न केला, पण जखम ओढली गेली. "तू मागितलंस कधी?" त्याला खरंच नवल वाटलं होतं. "फेस करताना तू गुणगुणायचीस. मला वाटायचं, पोरीचा जीव यातच रमतो. तिला लोकांच्या दाढ्यांत कशाला ओढा. तू एकदा म्हणाली असतीस, तर पहिला कोहळा तुलाच दिला असता."

मग मुलीनं सगळं सांगितलं. पाटा सांगितला, कवठ सांगितलं, सैल फेससुद्धा सांगितला. सांगताना ती रडली नाही, कारण रडली असती तर आबांनी तिची समजूत घातली असती, आणि तिला ती नको होती.

न्हाव्यानं वस्तरा मागवला. नखावरून पातं हलकेच फिरवलं. टोकाशी नख अडलं. त्यानं डोळे मिटले.

"त्याची नाव निघायच्या आत गाठ त्याला," तो म्हणाला. "मग बोलू."

ती उन्हातून पळत सुटली. नाव अजून पैलतीरावरच होती. शिष्य धक्क्यावर बसला होता, आणि आपलं उजवं मनगट डाव्या हातात धरून बघत होता. विकत घेतलेली वस्तू घरी आल्यावर खोटी निघावी, तसा.

तिनं धापा टाकत सांगितलं. तो ऐकत राहिला. सगळं झाल्यावर म्हणाला, "सकाळपासून मी या हाताला शिव्या देतोय. हात कापून नदीत टाकावा असं वाटलं, ताई. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मला जाऊ दिलंत."

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

नाव आली. नावाड्यानं हाक दिली. शिष्य उठला आणि म्हणाला, "वस्तादांच्या तोंडून ऐकतो. तुमच्या नाही." आणि गावाकडे वळला. वाटभर तो तिच्या दहा पावलं पुढं चालत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली, त्याच माणसांसमोर मुलीनं पुन्हा सगळं सांगितलं. तेल्यालाही थट्टा सुचली नाही, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. न्हाव्यानं शिष्याला धोकटी परत दिली, आणि मुलीपुढं तो वस्तरा ठेवला.

"ही धार तू घालवलीस. ही तूच आणायची," तो म्हणाला.

दोन वेळा ओढल्यानं गेलेली धार परत आणायला चार महिने लागले. रोज दुपारी ती दगडावर पाणी टाकून पातं घासायची. जोर लावला की पातं तापायचं आणि धार वाकायची. हात हलका ठेवला तरच काम पुढं सरकायचं. दाता एकेका केसाएवढा झिजत होता. तिच्या बोटांना घट्टे पडले.

तेवढे दिवस शिष्यानं तिच्या हातचा फेस घेतला नाही. स्वतः करायचा. त्याचा फेस म्हणजे नुसते बुडबुडे, गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून पोटापर्यंत ओघळायचे. तेली म्हणायचा, "दाढीला बसलोय रे बाबा, आंघोळीला नाही." शिवाय त्याचा हातही पहिल्यासारखा राहिला नव्हता. गळ्याशी आला की थबकायचा. ते बघताना मुलगी मान खाली घालायची.

मग एका सकाळी त्यानं रिकामी वाटी आणून तिच्यासमोर ठेवली. तिनं रिठ्याचं पाणी ओतलं आणि कुंचला फिरवला. गुणगुणली मात्र नाही.

ज्या दिवशी मनगटावरचा केस पात्याला लागताच तुटला, त्या दिवशी न्हावी पुन्हा पाटावर बसला. फेस मुलीचा, धार मुलीची, हात शिष्याचा. गळ्याशी शिष्य थबकला. "चालव," म्हातारा म्हणाला, "माझा गळा तुला ओळखतो." वस्तरा कोऱ्या कापडासारखा बोलत खाली आला. गळा स्वच्छ निघाला. फक्त कंठाखाली, जिथं जखम झाली होती, तिथं काढायला काही नव्हतं. त्या बोटभर रेघेवर पुन्हा कधी केस उगवले नाहीत.

म्हाताऱ्यानं तडकलेल्या आरशात पाहिलं, गालावरून हात फिरवला आणि उठला. घरात जाऊन त्यानं एक कोवळा कोहळा आणला आणि मुलीच्या मांडीत ठेवला. मग तिच्या मागे बसून, आपल्या थरथरत्या हातानं, तिचं मनगट धरलं.

तिचा पहिला कोहळा अकरा ठिकाणी रडला. तिनं एकेक थेंब मोजला आणि दुसरा कोहळा मागितला.

पुढं त्या झाडाखाली दोन पाट मांडले जाऊ लागले, आणि लोक दोन्हींवर बसू लागले. पण रोज सकाळी आबांच्या गळ्याला फेस लावताना तिचा कुंचला त्या बोटभर रेघेशी येऊन हळू व्हायचा, आणि तिथं फेस न लावताच पुढं जायचा.

तर लहानथोरांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: दुसऱ्याला पाडण्यासाठी मत्सरानं बिघडवलेली धार आपल्याच माणसाला कापते, म्हणून हवं असेल ते मनात कुढण्यापेक्षा तोंड उघडून मागावं.